बाळ चौथ्या दिवशी मलूल पडलं? इन्फेक्शनसोबत रक्तातलं ‘अमिनो’ही तपासा

बाळंतपण सुखरूप होतं. बाळ जोरात रडतं, वजन नीट भरतं, दोन दिवस अंगावर चांगलं पितं. पेढे वाटून होतात. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून बाळ दूध ओढेनासं होतं. उठवलं तरी उठत नाही. उलट्या होतात, अंग कधी ढिलं पडतं तर कधी ताठ होतं, श्वास जोरात चालतो. पाचवी पुजायच्या आत बाळ पेटीत जातं आणि आठवड्याभरात घरी रडारड होते.

मग घरोघरी तीच चर्चा. म्हातारी माणसं म्हणतात, सटवाईनं एवढंच लिहिलं होतं. कुणी दृष्ट लागली म्हणतं, कुणी भगताकडे जायला सांगतं. आणि वर्ष-दोन वर्षांनी त्याच घरात दुसरं बाळही तसंच गेलं, की सगळ्यांचं बोट सुनेकडे वळतं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो. पहिल्या आठवड्यात असं मलूल पडणाऱ्या बाळांपैकी बहुतेकांना इन्फेक्शनच असतं. त्याचा उपचार लगेच सुरू झालाच पाहिजे, त्यात वाट बघायची नाही. पण थोड्या बाळांचा आजार वेगळा असतो. तो जंतूचा नसतो, जन्मापासून शरीराच्या कारभारात असतो. अँटिबायोटिकनं तो बरा होत नाही. तो ओळखायची एक तपासणी आहे, ती म्हणजे रक्तातली अमिनो आम्लं मोजणं. काही थेंब रक्त त्याला पुरतं. पण ती कुणी मागितलीच नाही, तर होत नाही.

अमिनो म्हणजे काय?

शेतकऱ्याला हा शब्द नवा नाही. कृषी सेवा केंद्रातून ‘अमिनो’ची बाटली आणून आपण द्राक्षावर, टोमॅटोवर फवारतोच. माणसाच्या शरीरात हीच अमिनो आम्लं असतात. दूध, डाळ, अंडी, मटण यातलं प्रोटीन पोटात गेलं की फुटतं आणि त्याची अमिनो आम्लं होतात. शरीर त्यातून स्वतःचं मांस, रक्त, केस, कातडी घडवतं. प्रोटीन ज्यांपासून बनतं अशी ही आम्लं २० प्रकारची आहेत. घर बांधताना २० प्रकारच्या विटा लागाव्यात, तसं समजा.

गरजेपेक्षा जास्त झालेल्या आम्लांचं पुढे काय होतं? त्यांची मोडतोड होते. एकाचं दुसरं बनतं, काहींपासून ताकद मिळते आणि उरलेला कचरा युरिया होऊन लघवीवाटे बाहेर जातो. या प्रत्येक टप्प्यावर काम करणारा एक ठरावीक पदार्थ असतो, त्याला एन्झाइम म्हणतात.

पाटाच्या पाण्याचं उदाहरण घ्या. पाटावर ठिकठिकाणी दारं आहेत. एक दार गंजून बंद पडलं तर काय होईल? दाराच्या वरच्या बाजूला पाणी तुंबेल, फुटून नको त्या शेतात शिरेल, आणि खालचं शेत कोरडं राहील. एन्झाइम म्हणजे हे दार. ते जन्मापासूनच बिघडलेलं असेल तर एखादं अमिनो आम्ल रक्तात तुंबत जातं आणि मेंदूला विषासारखं बाधतं.

मग बाळ जन्मतं तेव्हा ठणठणीत कसं असतं? कारण पोटात असताना नाळेतून आईचं शरीर त्याचा कचरा साफ करत असतं. नाळ कापली, बाळ स्वतःच्या पोटानं दूध पचवू लागलं, की साठायला सुरुवात होते. दोन-तीन दिवसांत पातळी चढते आणि बाळ मलूल पडतं. म्हणूनच ‘जन्मलं तेव्हा चांगलं होतं’ ही गोष्ट डॉक्टरांना मुद्दाम सांगायची असते. ती या आजाराची खूण असू शकते.

सगळेच आजार इतक्या घाईनं येत नाहीत

मॅपल सिरप युरिन डिसीज नावाच्या आजारात ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलिन ही तीन आम्लं साठतात. यात बाळ पहिल्याच आठवड्यात अत्यवस्थ होऊ शकतं. युरिया बनवणारी साखळी तुटली असेल तर रक्तात अमोनिया वाढतो. तिथेही तासांचा प्रश्न असतो.

फेनिलकिटोन्युरिया मात्र दबक्या पावलानं येतो. यात फेनिलअ‍ॅलनिन हे आम्ल साठतं, त्याचं टायरोसिन व्हायला पाहिजे ते होत नाही. बाळ पहिले काही महिने बरं दिसतं. मग ते उशिरा बसतं, उशिरा बोलतं, फिट येतात, बुद्धी मागे पडते. अंगाला, लघवीला कुबट वास येतो. रंग आणि केस घरातल्या इतरांपेक्षा फिके असतात. ‘बाळ गोरंपान झालंय’ म्हणून घर खूश असतं आणि आजार आत वाढत असतो. युरोपात साधारण १० हजार बाळांमागे एकाला हा आजार असतो, आपल्याकडे त्याहून कमी आढळतो.

होमोसिस्टिन्युरिया नावाच्या आजारात मेथिओनिन आणि होमोसिस्टिन वाढतं. त्यात डोळ्यातलं भिंग जागेवरून सरकतं, मूल उंच आणि काटकुळं होतं, रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो. काही घरांत लहान वयातच वारंवार मूतखडे होतात, त्यातल्या काहींना सिस्टिन्युरिया असतो. तिथे रक्तापेक्षा लघवीतली अमिनो आम्लं मोजावी लागतात.

एका आईच्या हट्टातून लागलेला शोध

हे सगळं कळायला सुरुवात झाली नॉर्वे देशात, १९३४ साली. बोर्गनी एगेलांड नावाच्या बाईंची दोन्ही मुलं, लिव्ह आणि डाग, मतिमंद होती. मुलांच्या अंगाला एक विचित्र वास यायचा. ही बाई डॉक्टरमागून डॉक्टर पालथे घालत राहिली, कुणी लक्ष दिलं नाही. शेवटी आस्ब्यॉर्न फॉलिंग या डॉक्टरांनी मुलांची लघवी तपासली. त्यात फेरिक क्लोराइड टाकलं तर तिचा रंग हिरवा झाला. एरवी असा रंग येत नाही. त्याच्या मागे लागून त्यांनी फेनिलकिटोन्युरिया हा आजार शोधून काढला. त्या दोन मुलांना त्याचा उपयोग झाला नाही, उशीर झाला होता.

पुढे इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला होर्स्ट बिकेल या डॉक्टरांनी फेनिलअ‍ॅलनिन कमी असलेला आहार एका मुलीला दिला, तिच्यात सुधारणा झाली आणि १९५३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. तिथेही मुलीची आई ‘काहीतरी उपाय करा’ म्हणून डॉक्टरांच्या मागे लागली होती. १९६० नंतर अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी टाचेतलं रक्त टिपकागदावर घेऊन तपासायची पद्धत काढली. आज जगभरात नवजात बाळांची तपासणी त्याच पद्धतीच्या कागदावर होते. घरच्या माणसानं विचारत राहणं किती महत्त्वाचं असतं, ते या इतिहासातून कळतं.

मोजतात कसं?

पहिली पद्धत जुनी आणि पक्की. एका बारीक लांब नळीत रेझिन नावाचा दाणेदार पदार्थ भरलेला असतो. त्यातून नमुना सोडतात. प्रत्येक अमिनो आम्ल त्या दाण्यांना कमी-जास्त चिकटतं, त्यामुळे सगळी एकदम बाहेर येत नाहीत, आपापल्या वेळेला एकेक करून येतात. बाहेर येताना त्यात निनहायड्रिन मिसळलं की जांभळा रंग येतो, प्रोलिनला पिवळा. रंग जेवढा गडद तेवढं आम्ल जास्त. कागदावरचे बोटांचे ठसे उठवायला पोलीसही हेच निनहायड्रिन वापरतात, कारण घामात अमिनो आम्लं असतात. या यंत्राचं काम स्टॅनफर्ड मूर आणि विल्यम स्टाइन या शास्त्रज्ञांनी उभं केलं. त्यांना १९७२ मध्ये नोबेल मिळालं.

दुसरी पद्धत टँडम मास स्पेक्ट्रोमेट्री. हा रेणूंचा वजनकाटा समजा. टिपकागदावरच्या रक्ताचा ३ मिलिमीटरचा ठिपका कापतात आणि त्यातल्या रेणूंची वजनावरून ओळख पटवतात. एका बाळाच्या नमुन्याला मशीनमध्ये दोनेक मिनिटं लागतात आणि एकाच वेळी बरेच आजार तपासून होतात.

पण वजनकाट्याची एक अडचण आहे. दोन पोती सारख्याच वजनाची असली तर आत गहू आहे की ज्वारी, हे काटा सांगत नाही. ल्युसीन, आयसोल्युसीन आणि अ‍ॅलोआयसोल्युसीन यांचं वजन एकच आहे. म्हणून टिपकागदाच्या तपासणीत ‘वाढलंय’ असं आलं तर तो शेवटचा निकाल नसतो. पक्कं करायला नळीच्या पद्धतीनं वेगवेगळं मोजावं लागतं. पहिल्या रिपोर्टवर घाबरून जाऊ नका आणि दुसरी तपासणी टाळूही नका.

वासावर जाऊ नका, मेथीचा घोटाळा होतो

मॅपल सिरप आजारात बाळाच्या लघवीला, कानातल्या मळाला गोड, जळक्या साखरेसारखा वास येतो. परदेशात मॅपलच्या झाडाचा पाक खातात, त्यावरून हे नाव पडलं. आता गंमत बघा. त्या वासामागे सोटोलोन नावाचा पदार्थ असतो आणि आपल्या मेथीतही तोच आहे. आईनं बाळंतपणाच्या वेळी मेथी खाल्ली आणि बाळाला तसा वास आला, डॉक्टरांना आजाराची शंका आली, असं परदेशातल्या दवाखान्यांत घडलेलं आहे. आपल्याकडे तर बाळंतिणीला मेथीचे लाडू ठरलेलेच. म्हणून वास आला तर डॉक्टरांना सांगा, आणि आईनं मेथी खाल्ली असेल तर तेही सांगा. निकाल मात्र मोजणीनंच लागतो. बाळ छान पीत असेल, खेळत असेल आणि नुसता वास असेल तर मेथीचा असू शकतो. बाळ मलूल असेल आणि वासही असेल, तर वेळ घालवू नका.

नमुना नीट घेतला नाही तर सगळं वाया

माती परीक्षणाला बांधावरची माती दिली तर रिपोर्ट चुकणारच. इथेही तसंच आहे.

१. टिपकागदासाठी रक्त जन्मानंतर ४८ ते ७२ तासांत घेणं चांगलं. बाळानं दूध प्यायलेलं असलं पाहिजे, नाहीतर साठलेलं दिसत नाही. लवकर घरी सोडणार असतील तर सोडण्याआधी विचारा. बाळ आजारी असेल तर तासांची वाट न बघता तेव्हाच रक्त घेतात.

२. टाचेच्या कडेला टोचतात. पहिला थेंब पुसून टाकतात. पुढचा मोठा थेंब एकाच बाजूनं कागदावरच्या गोलात भरतात. एकावर एक थेंब टाकायचा नाही, गोलाला हात लावायचा नाही.

३. कागद आडवा ठेवून सावलीत ३ ते ४ तास वाळवायचा. उन्हात, चुलीजवळ किंवा तापलेल्या गाडीत ठेवला तर नमुना खराब होतो. ओला कागद पिशवीत घालायचा नाही.

४. नळीतलं रक्त दिलं असेल तर त्यातला वरचा पिवळसर भाग, म्हणजे प्लाझ्मा, लवकर वेगळा करून गोठवावा लागतो. रक्त तसंच पडून राहिलं तर आतल्या आत बदल होतात. उदाहरणार्थ, आर्जिनिनचं ऑर्निथिन होत जातं आणि रिपोर्ट खोटा येतो.

५. अमोनियाचं रक्त बर्फात ठेवून लगेच तपासावं लागतं. त्यासाठी बाळाला सोय असलेल्या ठिकाणी हलवणं बरं.

६. बाळाला रक्त भरायचं ठरलं असेल तर त्याआधी नमुना घ्यायला सांगा.

रिपोर्ट कसा वाचतात?

आकडे मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये असतात. फेनिलअ‍ॅलनिन साधारण १२० च्या आत असतं. उपचार न घेतलेल्या मोठ्या स्वरूपाच्या फेनिलकिटोन्युरियात ते १,२०० च्या पुढे जातं. पण डॉक्टर एकच आकडा बघत नाहीत, वर काय तुंबलं आणि खाली काय आटलं ते बघतात. फेनिलअ‍ॅलनिन जास्त आणि टायरोसिन कमी, तर दार कुठलं अडकलं ते कळतं. अमोनिया आणि ग्लुटामिन जास्त, त्यात सिट्रुलिन खूपच जास्त, तर युरियाच्या साखळीतलं ठरावीक दार.

काही वेळा आकडे दुसऱ्याच कारणानं वाढतात. लिव्हरला सूज असेल, बाळ कमी दिवसांचं असेल, सलाईनमधून प्रोटीन चालू असेल तरी फरक पडतो. म्हणून बाळ काय पितं, कुठली औषधं चालू आहेत, हे चिठ्ठीवर लिहून द्यावं लागतं. मोबाईलवर आकडा शोधून स्वतः निदान करू नका.

उपचार आहे का?

बऱ्याच आजारांत आहे, आणि तो लवकर सुरू झाला तर मूल शाळेत जाऊ शकतं. फेनिलकिटोन्युरियात नको ते आम्ल काढून टाकलेली खास दूध पावडर देतात आणि साधं प्रोटीन मोजून मापून. डाळ, शेंगदाणे, दूध, अंडी यांचं माप आहारतज्ज्ञ ठरवून देतात. हा पथ्याचा नेम आयुष्यभराचा असतो. शुगर-फ्री गोळ्यांच्या, डाएट कोल्ड्रिंकच्या वेष्टनावर फेनिलकिटोन्युरियाच्या रुग्णांसाठी सूचना छापलेली असते, ती याचसाठी. त्यातल्या अ‍ॅस्पार्टेममध्ये फेनिलअ‍ॅलनिन असतं.

मॅपल सिरप आजारात बाळ अत्यवस्थ असताना डॉक्टर थोडा वेळ प्रोटीन बंद ठेवून ग्लुकोज देतात, गरज पडली तर डायलिसिस करतात. अमोनिया वाढला असेल तर सोडियम बेंझोएट, आर्जिनिन अशी औषधं असतात. होमोसिस्टिन्युरियाच्या काही रुग्णांना नुसत्या बी-६ जीवनसत्त्वानं चांगला फरक पडतो. काही आजारांवर मात्र अजून पक्का इलाज नाही, हेही खरं. आणि घरच्या घरी आईचं दूध तोडायचं नाही. तो निर्णय फक्त डॉक्टरांचा.

दोष सुनेचा नाही

यातले बहुतेक आजार तेव्हाच होतात, जेव्हा आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेला जीन बाळाला मिळतो. आईबाप स्वतः ठणठणीत असतात, कारण त्यांच्याकडे एक बिघडलेला आणि एक चांगला जीन असतो. म्हणजे दोघांचा वाटा सारखाच. एकट्या सुनेला बोल लावणं हे अज्ञान आहे आणि अन्यायही. युरियाच्या साखळीतला एक आजार याला अपवाद आहे. त्यातला जीन आईकडून मुलाला येऊ शकतो, पण तो तिच्या हातातला नसतो, मग तिचा गुन्हा कसला?

दोघंही वाहक असतील तर दर खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. एक बाळ गेलं म्हणजे पुढची तीन सुरक्षित, असा हिशोब नाही. दर वेळी चिठ्ठी नव्यानं निघते.

आपल्याकडे मामाची मुलगी करायची रीत आहे. चुलत, मामे, आते भावंडांमध्ये जीनचा आठवा भाग सारखा असतो, त्यामुळे तोच बिघाड दोघांत असण्याची शक्यता वाढते. नात्यात लग्न झालं म्हणजे आजार होणारच असं नाही आणि बाहेर केलं म्हणजे होणारच नाही असंही नाही. पण लग्न नात्यातलं असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. बाळ वाचणार नाही असं दिसत असलं, तरी त्याचा नमुना घेऊन ठेवायला सांगा. टिपकागदावर रक्त, डीएनएसाठी वेगळ्या नळीत रक्त आणि गोठवलेली लघवी. त्या वेळी हे बोलणं कठीण जातं, घरच्यांना राग येतो. पण आजाराचं नाव कळलं आणि बिघडलेला जीन सापडला, तर पुढच्या गरोदरपणात अकराव्या-बाराव्या आठवड्यापासून गर्भाची तपासणी करता येते. नोंदणी असलेल्या केंद्रात अशा आजारांसाठी ती कायदेशीर आहे. गर्भलिंग सांगणं मात्र गुन्हाच आहे. नाव कळलं नाही तर पुढच्या खेपेला डॉक्टरही अंधारात असतात.

कुठे जायचं, काय विचारायचं?

आशाताई बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. तिसऱ्या आणि सातव्या दिवसाची भेट टाळू नका. बाळ दूध ओढत नाही, उठत नाही, श्वास जोरात चालतो, यापैकी काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा. आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात एक वर्षापर्यंत मोफत उपचार आणि गाडीची सोय आहे. मोठ्या मुलाची वाढ मागे असेल तर अंगणवाडीत येणाऱ्या आरबीएसकेच्या डॉक्टरांना दाखवा. ते जिल्हा रुग्णालयातल्या केंद्रात पाठवतात.

शेजारच्या गोव्यानं २००८ मध्ये सरकारी पातळीवर नवजात बाळांची ही तपासणी सुरू केली होती. आपल्याकडे प्रत्येक दवाखान्यात ती आपोआप होत नाही. म्हणून विचारायचं: “डॉक्टरसाहेब, शुगर आणि अमोनिया बघितला का? अमिनो आम्लांसाठी रक्त पाठवता येईल का?” आणि घरात आधी बाळ दगावलं असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगायचं.

केंद्र सरकारचं दुर्मिळ आजारांचं धोरण २०२१ मध्ये आलं. ठरवून दिलेल्या केंद्रांत नोंदणी झालेल्या रुग्णाला या धोरणाखाली ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. मुंबईचं केईएम रुग्णालय त्यातलं एक केंद्र आहे. खास दूध पावडर महाग असते, त्यामुळे निदान झालं की नोंदणीचं आधी बघा. फाईल, रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड फेकू नका, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा.

तुमच्या वाडी-वस्तीवर एखाद्या घरात लागोपाठ बाळं दगावली असतील आणि तिथली सून पुन्हा गरोदर असेल, तर ही माहिती त्या घरापर्यंत पोचवा. बाळंतपण कुठे करायचं आणि पहिल्याच दिवसापासून काय तपासायचं, हे ठरवायला तिच्या हातात अजून वेळ आहे.